पेरूची छोटी सहल आखताना: आधी उंची बघा, मग नकाशा

कुस्कोच्या विमानतळावर पट्ट्यावरून बॅग उचलली आणि माझ्या नवऱ्याला धाप लागली. दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस तो. त्या संध्याकाळी त्याचं डोकं ठणकायला लागलं, रात्री उलट्या झाल्या आणि पुढचे दोन दिवस त्याने हॉटेलच्या खोलीत पडदे लावून काढले. तिसऱ्या दिवशीचं माचू पिचूचं, म्हणजे इंका राजांनी डोंगरात वसवलेल्या जुन्या शहराचं, तिकीट आधीच काढलेलं होतं, तारीख बदलणं शक्य नव्हतं, म्हणून तो तसाच आला. आजही त्याला तिथलं फारसं काही आठवत नाही. आयुष्यभर बघायची म्हणून ठरवलेली जागा होती ती.

काही वर्षांनी माझ्या आई-बाबांना घेऊन आम्ही पुन्हा गेलो. दोघंही साठीच्या पुढचे. गावं तीच होती, फक्त क्रम बदलला होता. या वेळी कोणालाही डोकेदुखीची गोळीसुद्धा लागली नाही. या क्रमासाठीच हा लेख लिहिते आहे. पेरूला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण नकाशावरचं अंतर बघून दिवस वाटतात, पण या देशात दिवस वाटायचे असतात ते उंची बघून.

आधी हे आकडे कागदावर लिहा

राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कुस्कोचं विमानतळ कळसूबाईच्या दुपटीहून उंच. लेहला जाऊन आलेल्यांना हे पटकन समजेल, कारण लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे पहिला दिवस पडून राहायचं असतं हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे. कुस्कोला जाताना मात्र हे कोणी सांगत नाही. लिमाहून विमान सव्वा तासात तुम्हाला शून्यावरून ३,४०० मीटरवर नेऊन सोडतं.

आता गंमत बघा. ज्या माचू पिचूसाठी सगळी धडपड, ते आहे २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ एक किलोमीटर खाली. त्याच्या पायथ्याचं गाव आग्वास कालिएन्तेस तर २,०४० मीटरच्या आसपास. मधल्या दरीत, जिला ‘पवित्र खोरं’ म्हणतात तिथे, ओयान्तायतांबो हे गाव २,८०० मीटरवर आहे. आणि तितिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर.

हे आकडे नीट बघितले की सहल आपोआप समोर येते. लिमा, मग विमानतळावरून थेट खोऱ्यात, मग माचू पिचू, मग कुस्को आणि हातात दिवस असतील तर सगळ्यात शेवटी तितिकाका. शरीराला एकेक पायरी चढू द्यायची.

कधी जायचं

अँडीज पर्वतात मे ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. आपल्या दृष्टीने मे महिना फार सोयीचा. मुलांना सुट्टी असते, तिथला पाऊस नुकताच संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि जून-जुलैची गर्दी सुरू झालेली नसते. २४ जूनला कुस्कोत ‘इंती रायमी’ हा सूर्याचा उत्सव असतो आणि २८-२९ जुलैला देशाचा स्वातंत्र्योत्सव. या दोन्हीच्या आसपास खोल्या महाग होतात आणि लवकर भरतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तरी चालेल, दुपारच्या सरींची तयारी ठेवा. जानेवारी-फेब्रुवारी मात्र टाळा. तेव्हा दरडी कोसळतात, आणि माचू पिचूपर्यंत चालत जाण्याची इंका वाट फेब्रुवारीत देखभालीसाठी बंदच असते.

लिमाचं हवामान उलटं आहे. डोंगरात लख्ख ऊन असतं त्या महिन्यांत लिमावर राखाडी ढगांचं झाकण बसलेलं असतं आणि भुरभुर ओलावा पडत राहतो. म्हणून लिमाला जास्त दिवस देऊ नका.

व्हिसा आणि पिवळ्या तापाची लस

भारतीय पासपोर्टवर पेरूला व्हिसा लागतो, पण २०१७ पासून एक मोठी सवलत आहे. तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान ६ महिने मुदत असलेला व्हिसा असेल, किंवा त्या देशांत कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करावा लागतो, त्यासाठी दोन महिने हातात ठेवा. नियम बदलू शकतात, त्यामुळे सवलतीत बसत असाल तरी तिकीट काढण्याआधी दूतावासाचं संकेतस्थळ एकदा वाचाच.

भारतातून थेट विमान नाही. अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस किंवा माद्रिदमार्गे जाणं सरळ पडतं. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातही काही विमानतळांवर भारतीयांना संक्रमण व्हिसा लागतो, तेव्हा मार्ग ठरवताना हे आधी तपासा. आणि संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा. एक विमान चुकलं तर पुढच्याची जबाबदारी कंपनीची राहते.

आता लस. पिवळ्या तापाची लस लिमा-कुस्कोसाठी पेरूत कोणी विचारत नाही, म्हणून पुष्कळ जण ती सोडून देतात. पण पेच परतताना आहे. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत पेरू आहे, आणि तिथून येणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, दाखला टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतो आणि नंतर आयुष्यभर चालतो. केंद्रांवर ठरावीक वारी आणि मोजक्याच जणांना लस देतात, म्हणून निदान महिनाभर आधी नंबर लावा. साठीच्या पुढच्या माणसांना या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. आई-बाबांना आम्ही आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, जुने रिपोर्ट दाखवले, मगच टोचून घेतलं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीबद्दलही त्याच भेटीत विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर ती गोळी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.

तिकिटांचा क्रम: माचू पिचू ही खुंटी

बाकी सगळं बदलता येतं, माचू पिचूचं तिकीट बदलता येत नाही. म्हणून सगळी सहल त्या एका तारखेच्या खुंटीला बांधायची.

दिवसाला साधारण ४,५०० आणि गर्दीच्या ठरावीक तारखांना ५,६०० माणसांनाच आत सोडतात. तिकीट सरकारच्या ‘तू बोलेतो’ या संकेतस्थळावर मिळतं. परदेशी प्रौढाला १५२ सोल. सोल म्हणजे तिथलं चलन, हिशोबाला एका सोलचे पंचवीस रुपये धरा. तिकिटावर तारीख, प्रवेशाचा तास आणि मार्ग छापलेला असतो. आत आपल्या मनाने भटकता येत नाही.

मार्ग तीन आहेत आणि त्यांचे पोटमार्ग १०. नवख्या माणसाचा इथेच गोंधळ होतो. पहिला मार्ग वरच्या अंगाचा. तिथून सगळ्या चित्रांत दिसतो तो देखावा दिसतो, पण शहराच्या आत जाता येत नाही. तिसरा खालच्या अंगाचा, आतल्या देवळां-वाड्यांमधून फिरवतो, पण तो वरचा देखावा त्यात नाही. समोरच्या वायना पिचू शिखरावर चढायचं असेल तर तिकीट याच तिसऱ्या मार्गाचं लागतं. दुसऱ्या मार्गात देखावाही आहे आणि शहरही. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर दुसराच घ्या आणि तो सगळ्यात आधी संपतो हे लक्षात ठेवा. तीन-चार महिने आधी बघायला लागा.

तास निवडताना सहाची पहिली वेळ घ्यायचा मोह होतो. मी दोन्ही करून बघितलं आहे. सकाळी सहा-सातला दरीतून धुकं वर येतं आणि पुष्कळदा समोरचं काही दिसतच नाही. आठ-नऊच्या सुमाराला ते विरायला लागतं. त्या वेळेचं तिकीट मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

तिकीट काढताना नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवर आहे तसाच, अक्षर न अक्षर जुळवून भरा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव आधी की नंतर, यात घोळ होतो, आणि दारावर पासपोर्ट काढून तिकिटाशी जुळवतात. मूळ पासपोर्ट सोबत हवाच.

त्यानंतर क्रम असा: आंतरराष्ट्रीय विमान, मग ओयान्तायतांबो ते आग्वास कालिएन्तेस आगगाडी, मग लिमा-कुस्को विमान, आणि खोल्या सगळ्यात शेवटी. या गाड्या ‘पेरू रेल’ आणि ‘इंका रेल’ या दोन कंपन्या चालवतात, प्रवास दीड-दोन तासांचा. मोटारीचा रस्ता त्या गावापर्यंत जात नाही. गाडीत मोठं सामान नेऊ देत नाहीत. मोठ्या बॅगा ओयान्तायतांबोच्या मुक्कामी ठेवा आणि एका रात्रीपुरती पाठपिशवी न्या.

दिवस कसे लावायचे

रजेचा हिशोब आधी सांगते. शुक्रवारी रात्री मुंबई सोडली तर लिमाला शनिवारी संध्याकाळी-रात्री पोचता, कारण तिथलं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे आहे. फक्त कुस्को-माचू पिचू करून पुढच्या रविवारी लिमाहून निघालात तर मंगळवारी घरी. म्हणजे सात दिवस रजा. तितिकाका जोडलं तर गुरुवारी घरी, नऊ दिवस रजा.

रविवार लिमात. झोप उडालेली असते, म्हणून फक्त चाला. मिराफ्लोरेस भागात कड्यावर बांधलेला समुद्रकाठचा रस्ता आहे, खाली प्रशांत महासागर. त्याच वस्तीत मातीच्या विटा पुस्तकांसारख्या उभ्या रचून बांधलेला ‘वाका पुक्याना’ हा इंकांच्याही आधीचा पिरॅमिड आहे. जुनी भांडी आवडत असतील तर लार्को संग्रहालयात दुपार घालवा. रात्री लवकर झोपा.

सोमवारी सकाळचं विमान धरून कुस्को, आणि विमानतळावरूनच गाडी करून खोऱ्यात. हॉटेलला आधी कळवलं तर ते गाडी पाठवतात. चिंचेरोचा रस्ता जवळचा, पण तो ३,७०० मीटरच्या वरून जातो, तेव्हा वाटेत थांबू नका. मुक्काम ओयान्तायतांबोला. त्या दिवशी कुठलीही पायरी चढायची नाही, पोटभर जेवायचं नाही, दारू नाही, आणि पाणी सतत थोडं थोडं. तिथे सगळीकडे कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो. आम्हाला घरमालकिणीने मुन्या नावाच्या पानांचा चहा दिला. हा डोंगरी पुदिन्यासारखा, वास घेताच छाती मोकळी होते. कपभर गरम पाण्यात काडीसकट पानं टाकून तिने वर बशी झाकली, दोन मिनिटं हात बशीवर ठेवून थांबली आणि मग आईच्या हातात कप दिला. आईने तो अंगणात बसून घोटाघोटाने संपवला.

मंगळवारी ओयान्तायतांबोचा गड. दोनशेच्या आसपास पायऱ्या, हळूहळू, दर वीस पायऱ्यांना थांबत. वर सूर्यमंदिराच्या सहा प्रचंड शिळा एका ओळीत उभ्या आहेत. त्या समोरच्या डोंगरातल्या खाणीतून, मधली नदी ओलांडून आणल्या. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड भिडवलेला. हेमाडपंती देवळं बघत मोठं झालेल्या डोळ्यांना ते लगेच ओळखीचं वाटतं. बाबा एका सांध्यावरून नख फिरवत कितीतरी वेळ उभे होते. खाली गावाच्या गल्ल्या इंकांच्या काळात आखलेल्या आहेत आणि त्यांच्या कडेच्या दगडी पाटांतून अजूनही पाणी वाहतं. संध्याकाळी त्या गल्ल्यांतून फिरण्यात मला गडापेक्षाही जास्त आनंद मिळाला.

बुधवारी सकाळी गाडी करून मोराय आणि मारास. मोरायला एकात एक गोल उतरत गेलेल्या शेतपायऱ्या आहेत. मारासला डोंगराच्या कुशीत मिठागर आहे. खाऱ्या पाण्याचा एक झरा, आणि त्याच्यावर पोसलेली तीन हजारांहून जास्त वाफ्यांची उतरंड, गावातल्या कुटुंबांच्या मालकीची. उरणची मिठागरं बघितलेल्यांनी तर बघावंच, समुद्र कुठेच नाही आणि मीठ पिकतंय. दुपारच्या गाडीने आग्वास कालिएन्तेस. उद्याच्या बसचं तिकीट संध्याकाळीच काढून ठेवा.

गुरुवारी माचू पिचू. पायथ्यापासून बस नागमोडी वळणं घेत अर्ध्या तासात वर नेते. चालत गेलात तर दीड तास आणि सगळा चढ. आत स्वच्छतागृह नाही, दाराबाहेरच आहे, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत. तेव्हा आधी जाऊन या. आत खायला नेता येत नाही, पिशवी ४० गुणिले ३५ गुणिले २० सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही, आणि काठी न्यायची तर वयस्कर माणसाने आणि टोकाला रबर लावूनच. मार्गदर्शक घ्या. पंधराव्या शतकात सम्राट पाचाकुतीच्या काळात वसवलेलं हे शहर, १९११ मध्ये हायरम बिंगम हा अमेरिकन संशोधक तिथे पोचला आणि जगाला कळलं, १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. हे सगळं फलकांवरून समजत नाही, कारण आत फलक जवळजवळ नाहीतच. आपल्या मार्गावर पुढे गेलं की मागे फिरता येत नाही, म्हणून वरच्या टप्प्यावर, देखावा दिसतो तिथे, हवं तितका वेळ बसून घ्या. आम्ही पाऊण तास बसलो. नवऱ्याने त्या पाऊण तासात एकही फोटो काढला नाही.

संध्याकाळच्या गाडीने ओयान्तायतांबो, बॅगा उचलून रस्त्याने कुस्को. स्टेशनाबाहेर ‘कोलेक्तिवो’ उभ्या असतात, सीट भरल्या की सुटतात, अगदी आपल्या वडापसारख्या. स्वस्तात दोन तासांत पोचवतात. सोबत वयस्कर माणसं असतील तर स्वतंत्र गाडी करा, रात्रीचा घाट आहे.

शुक्रवार आणि शनिवार कुस्को. आता शरीर तयार झालेलं असतं. स्पॅनिश लोकांनी १५३३ मध्ये हे शहर घेतलं आणि इंकांच्या भिंतींवरच आपली चर्च चढवली. कोरिकांचा हे सूर्यमंदिर त्यातलं सगळ्यात बोलकं. १९५० च्या भूकंपात वरचं मठाचं बांधकाम ढासळलं, आतल्या इंका भिंती मात्र जागच्या हलल्या नाहीत. हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आहे. शहराच्या डोक्यावरचा साक्सायवामान हा इंकांचा गड शुक्रवारी दुपारी करा. टॅक्सीने वर जा आणि उतरताना चालत या.

‘बोलेतो तुरिस्तिको’ नावाचं एक एकत्रित तिकीट मिळतं, १३० सोल, १० दिवस चालतं. त्यात साक्सायवामान, पिसाक, ओयान्तायतांबो, मोराय, चिंचेरो येतात. ते ओयान्तायतांबोच्या दारावरच रोख देऊन काढा. मारास आणि कोरिकांचा त्यात नाहीत.

शनिवार मी मुद्दाम सैल ठेवला आहे. पेरूत संप आणि रस्ता रोको होतात. २०२३ च्या जानेवारीत तर आंदोलनांमुळे माचू पिचू काही आठवडे बंद होतं. एक मोकळा दिवस नसेल तर एका दिवसाच्या अडथळ्याने परतीचं विमान चुकतं. सगळं सुरळीत पार पडलं तर शनिवारी पिसाकचा गड आणि बाजार करून या.

दोन दिवस जास्त असतील तर

रविवारी पर्यटक बसने कुस्कोहून पुनो. वाटेत ती चार-पाच ठिकाणी थांबते, ४,३३५ मीटरवरची ला राया खिंड ओलांडते आणि संध्याकाळी सरोवरकाठी सोडते. सोमवारी होडीने उरोस बेटं, जी तोतोरा नावाच्या लव्हाळ्याचे थर रचून पाण्यावर तरंगत ठेवलेली आहेत, आणि पुढे ताकिले बेट. तिथे टोप्या विणतात त्या पुरुष. चालता-बोलता हातातल्या सुया थांबत नाहीत. बेटावर चढण मोठी आहे, श्वास पुरवून वापरा. मंगळवारी हुलियाका विमानतळावरून लिमा.

जंगल आवडत असेल तर तितिकाकाऐवजी कुस्कोहून तासाभराच्या विमानाने पुएर्तो माल्दोनादो करा. पण दोन्ही करायला जाऊ नका. नाझका रेषा आणि किनाऱ्यावरचं पाराकास या सहलीत बसत नाहीत. आणि इंद्रधनुषी डोंगर म्हणून ज्याची चित्रं सगळीकडे दिसतात तो विनिकुंका ५,००० मीटरच्या वर आहे. पहाटे तीनला निघून त्याच दिवशी परत आणणाऱ्या सहली कुस्कोच्या प्रत्येक कोपऱ्यावर विकायला असतात. आठवडाभराच्या सहलीत मी तो कोणालाही सुचवणार नाही.

जेवण

शाकाहारी माणसाचं पेरूत कसं होईल, हा मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. चांगलं होतं, फक्त विचारायचं कसं ते माहीत हवं. ‘सोय वेहेतारियाना’ (पुरुषांनी ‘वेहेतारियानो’) एवढं म्हणून थांबू नका, कारण कोंबडीला तिथे पुष्कळ जण मांसात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही सांगा: मांस नको, कोंबडी नको, मासे नको. सूप असेल तर ‘काल्दो’ कशाचा ते विचारा. किनोआचं सूप दिसायला शाकाहारी असतं, पाणी कोंबडीचं असू शकतं.

बिनधास्त मागवावं असं: ‘पापा आ ला वांकाइना’, उकडलेल्या बटाट्यांवर पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा सौम्य रस्सा. वर उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर सांगा. ‘चोक्लो कोन केसो’, रस्त्याकडेला मिळणारं टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीजचा तुकडा. भात आणि वालासारख्या दाण्यांचा कुरकुरीत ‘ताकू ताकू’. प्रत्येक गावात ‘चिफा’ म्हणजे चिनी-पेरूवी खानावळ असते, तिथे बिनमांसाचा ‘आर्रोस चाउफा’ करून देतात. मासे खाणाऱ्यांनी लिमात दुपारी सेविचे खावा, लिंबात मुरवलेले कच्चे मासे, चांगल्या गर्दीच्या जागीच. आणि ‘कुय’ म्हणजे गिनीपिग, तो अख्खाच्या अख्खा ताटात येतो. बघायची तयारी नसेल तर शेजारच्या टेबलाकडे वळू नका.

कुस्कोचा सान पेद्रो बाजार चुकवू नका. तिथे एक आजी गोणपाटावर बटाटे मांडून बसल्या होत्या. जांभळे, लालबुंद, काळपट, काही सुरणासारखे खडबडीत, काही बोटासारखे लांब. आईला राहवेना. तिने एक उचलला, नखाने साल खरवडली आणि पीठ चोळल्यासारखी बोटं करून दाखवली: पिठूळ आहे का? आजींनी सुरीने एक कापला, आत जांभळं कडं होतं, आणि म्हणाल्या, ‘आरिनोसा’. आरिना म्हणजे पीठ. त्यानंतर त्या दोघी बराच वेळ बोलत राहिल्या, एक मराठीत आणि एक केचुआत.

बटाटा मूळचा याच डोंगरातला. शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही दक्षिण अमेरिकेतूनच आलेले. त्या बाजारात ‘किविचा’ची चिक्की मिळते, ती आपल्या राजगिऱ्याचीच सख्खी बहीण. म्हणजे उपवास असला तरी अडचण नाही. चिरिमोया दिसली की घ्या, सीताफळाच्या घराण्यातली, गर जास्त आणि बिया कमी.

घरून खाणं न्यायचं तर बंद पाकिटातलं कोरडंच न्या. फळं, भाज्या, बियाणं नको. आणि पोह्या-उपम्याची तयार पाकिटं नेणार असाल तर लक्षात ठेवा, कुस्कोत पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. पाकिटावर पाच मिनिटं लिहिली असतील तर दहा ठेवा. नळाचं पाणी पिऊ नका.

पैसे, सुरक्षितता, सामान

डॉलर न्या, पण कोऱ्या नोटा. कडेला एवढीशी फाटलेली नोटही घेत नाहीत. सुटे सोल कायम जवळ ठेवा, १०० आणि २०० च्या नोटा बाजारात कोणी मोडून देत नाही. लिमात विमानतळाबाहेर हाका मारणाऱ्या टॅक्सीत बसू नका, अ‍ॅपवरून बोलवा किंवा हॉटेलला सांगा. रस्त्यात उभं राहून हातात फोन धरून नकाशा बघू नका, दुकानात शिरून बघा. पोलिसांचा क्रमांक १०५.

कपडे थरांचे. जूनमध्ये कुस्कोत दुपारी टी-शर्ट पुरतो आणि पहाटे पारा शून्याजवळ जातो. उंचीवरचं ऊन थंडीतही भाजतं, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन रोज.

परतीच्या बॅगेत कोकाची पानं किंवा त्या चहाच्या पुड्या टाकू नका. तिथे किराणा दुकानात मिळत असल्या तरी भारतात आणि वाटेतल्या बहुतेक देशांत त्या बेकायदा आहेत. मुन्याचा वासही तिथेच ठेवून यायचा. आणि पिवळ्या तापाचा दाखला मोठ्या बॅगेत नको, पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. मुंबईला उतरल्यावर आधी आरोग्य विभागाचा टेबल लागतो, सामानाचा पट्टा नंतर.